चार पायांची वंशावळ

स्वित्झर्लंडमधील झुरिक नगरात योहान याकोब शॉयख्त्सर नावाचा एक विद्वान वैद्य होऊन गेला. जीवाश्म गोळा करण्याचा त्याला मोठा छंद. ओनिंगेन येथील दगडाच्या खाणीत सापडलेल्या एका सांगाड्याचे वर्णन त्याने इ.स. १७२६ साली प्रसिद्ध केले. रुंद कवटी, डोळ्यांच्या दोन मोठ्या खोबणी आणि त्यांच्या मागे कण्याचे मणके असे त्या सांगाड्याचे रूप होते. नोहाच्या काळच्या जलप्रलयात बुडून मेलेल्या माणसाचेच हे अवशेष आहेत, अशी शॉयख्त्सरची खात्री पटली आणि त्याने त्यांना 'महापुराचा साक्षीदार मानव' असे लॅटिन नाव दिले.

पुढे हा दगड हॉलंडमधील हार्लेम येथील संग्रहालयात गेला. इ.स. १८११ साली फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ जॉर्ज कुव्हिए तेथे आला. सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या सांगाड्याचे चित्र त्याने बाजूला ठेवले आणि दगडाचा जो भाग अद्याप कोरला गेला नव्हता तो हलक्या हाताने कोरावयास घेतला. या जागी पुढचे पाय निघतील, असे त्याचे भाकीत होते. ते निघाले, आणि ते माणसाचे हात नव्हते. महापुराचा साक्षीदार म्हणजे एक अजस्र सॅलॅमँडर होता!

शॉयख्त्सरची श्रद्धा प्रामाणिक होती. त्याचे शरीररचनेचे निरीक्षण मात्र अपुरे पडले. कुव्हिएने निकाल दिला तो पायांच्या साक्षीवरून. पाय असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांची ओळख कशी पटवावी आणि त्यांना कोणत्या घराण्यात बसवावे, हा प्रश्न फार जुना आहे. त्याच्या उत्तरांचा इतिहास पाहिला तर 'व्याख्या' या गोष्टीकडे पाहण्याची शास्त्रज्ञांची दृष्टीच कशी बदलत गेली, हे ध्यानात येते.

नावाची अडचण

बेडूक, सरडा, चिमणी, गाय आणि मनुष्य या सर्वांना प्राणिशास्त्र एकाच नावाने ओळखते : चतुष्पाद. आज हयात असलेल्या चतुष्पादांच्या ३५,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. नाव ऐकताच सामान्य वाचकाच्या मनात शंका उभ्या राहतात. चिमणीला दोनच पाय, माणसालाही दोनच. चिमणीचे पंख आणि आपले हात हे मूळच्या पुढच्या पायांचेच बदललेले रूप आहे, असे शास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा ही शंका फिटते. परंतु सापाचे काय? त्याला तर एकही पाय नाही. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या मातीत राहणारे देवगांडूळ घ्या. ते दिसते गांडुळासारखे. पण ते बेडकाचे नातेवाईक असून त्यालाही पाय नाहीत. तरीही साप आणि देवगांडूळ हे दोघे चतुष्पादच होत.

याच्या उलट आपल्या खाडीकाठची निवटी पाहा. ओहोटीच्या वेळी ती चिखलावर येते, पुढच्या परांवर अंग रेटीत चालते, उड्या मारते आणि बराच वेळ पाण्याबाहेर राहते. असे असूनही ती चतुष्पाद नव्हे, ती मासाच. चालणारी निवटी बाहेर आणि सरपटणारा साप आत, असा हा न्याय वरकरणी विचित्र वाटतो. तो समजून घ्यावयाचा तर थोडे मागे जावे लागेल.

ॲरिस्टॉटल ते लिनियस

प्राचीन काळी प्राण्यांचे गट बहुधा त्यांच्या वावरण्यावरून पाडले जात. जलचर, खेचर, भूचर हे आपले शब्द याच पद्धतीचे आहेत. मोशेच्या नियमशास्त्रात वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत येते, ते याच रीतीने. जे उडते ते पाखरू, हा रोजच्या व्यवहाराचा हिशेब होता आणि व्यवहारापुरता तो पुरेसा होता.

इ.स. पूर्व चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने शरीराच्या घडणीकडे आणि प्रजननाकडे लक्ष वळविले. चार पायांच्या प्राण्यांचे त्याने दोन भाग केले : पिलांना जन्म देणारे आणि अंडी घालणारे. डॉल्फिनला फुप्फुसे असतात व तो पिलांना जन्म देतो, म्हणून त्याने त्याला माशांपासून वेगळे काढले. रक्त असलेले सर्व प्राणी चार ठिकाणांच्या आधारे हालचाल करतात, असेही त्याने लिहून ठेवले. मनुष्याचे दोन हात व दोन पाय, पक्ष्याचे दोन पंख व दोन पाय. साप म्हणजे जणू लांबविलेला, पाय काढून घेतलेला सरडा, हे त्याचे निरीक्षण तर आजही थक्क करते.

इ.स. १७३५ साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने आपल्या 'सिस्टेमा नॅचुरी' या ग्रंथात प्राण्यांचे सहा वर्ग केले. त्यांतील पहिल्याचे नाव 'चार पायांचे' असे होते आणि त्यात त्याने वानरांच्या शेजारी मनुष्याला बसविले. दोन पायांवर चालणाऱ्या माणसाला चार पायांचा म्हणावे, हे पुष्कळांना रुचले नाही. देवमासा मात्र त्याच्याकडे अजून माशांतच होता. इ.स. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने ते नाव टाकून दिले आणि 'सस्तन' हा नवा शब्द घडविला. आता देवमासाही या वर्गात आला. पाय मोजण्याऐवजी पिलाला दूध पाजणे हे लक्षण त्याने पुढे आणले. बेडूक, साप, सरडे व कासवे मात्र त्याने एकाच वर्गात कोंबली आणि त्यांच्याविषयी तिरस्काराचे शब्द लिहिले. ही गाठोडी सोडविण्याचे काम फ्रेंच पंडितांनी केले. अलेक्सांद्र ब्रोंन्यार याने इ.स. १८०० साली बेडकांचा वेगळा गण केला आणि लात्रेय याने इ.स. १८२५ साली उभयचरांना स्वतंत्र वर्गाचा दर्जा दिला.

मासा की उभयचर?

एवढ्यात एका प्राण्याने सर्वांना पेचात टाकले. दक्षिण अमेरिकेच्या दलदलीतून आलेल्या एका लांबट प्राण्याला इ.स. १८३७ साली 'लेपिडोसायरन' हे नाव देण्यात आले. त्याच्या अंगावर माशासारखे खवले होते. पण आत फुप्फुसे होती. दोनच वर्षांनी लंडनच्या रिचर्ड ओवेनने त्याच्या आफ्रिकी भावंडाचे वर्णन केले आणि तो मासा असल्याचा निर्वाळा दिला. दुसऱ्या बाजूला बिशोफ या जर्मन शास्त्रज्ञाने लेपिडोसायरनला उभयचर ठरविले. इ.स. १८७० साली ऑस्ट्रेलियात तशाच आणखी एका प्राण्याचा शोध लागला, तेव्हा त्याचे वर्णन करणाऱ्या क्रेफ्टनेही त्याला प्रथम उभयचरच म्हटले. आज या सर्वांना आपण फुप्फुसमीन म्हणतो. दोन्ही बाजूंचे पंडित एकच प्राणी पाहत होते. एकाच्या दृष्टीने खवले महत्त्वाचे, दुसऱ्याच्या दृष्टीने फुप्फुसे. कोणते लक्षण निर्णायक मानावे याला त्या वेळी काही नियमच नव्हता.

याच ओवेनने इ.स. १८४९ साली पायांच्या स्वरूपावर एक छोटे पुस्तक लिहिले. माणसाचा हात, चिचुंद्रीचा खणणारा पंजा, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख यांतील हाडांचा क्रम एकच आहे : वर एक हाड, त्याखाली दोन, मग मनगटाची लहान हाडे आणि शेवटी बोटे. विधात्याच्या मनातील एका आदर्श आराखड्याची ही निरनिराळी रूपे, असे ओवेनचे मत होते. दहा वर्षांनी चार्ल्स डार्विनने त्याच साम्याचा वेगळा अर्थ लावला. या प्राण्यांचा पूर्वज एक होता आणि त्याच्याकडून आलेला हा वारसा आहे, असे त्याने म्हटले. येथून 'कोण कोणासारखा दिसतो' या प्रश्नाची जागा 'कोण कोणाच्या कुळातला' या प्रश्नाने घेण्यास आरंभ झाला. 'टेट्रापोडा', म्हणजे चतुष्पाद, हे गटाचे नाव हाट्शेक व कोरी यांच्या इ.स. १८९६ च्या ग्रंथाकडे सामान्यपणे जाते.

ग्रीनलंडचे दगड

कुळाची गोष्ट निघाली की मूळ पुरुष कोण, हे विचारणे ओघाने आलेच. इ.स. १९३१ साली पूर्व ग्रीनलंडमध्ये गेलेल्या डॅनिश मोहिमेत गुन्नार सेवे-सॉडरबर्ग हा अवघ्या एकवीस वर्षांचा स्वीडिश तरुण होता. तेथील डेव्होनियन काळाच्या, म्हणजे ३६ कोटी वर्षांहून जुन्या खडकांत त्याला ज्या कवट्या मिळाल्या त्यांना त्याने पुढल्या वर्षी 'इक्थिओस्टेगा' हे नाव दिले. त्या काळी ज्ञात असलेला हा सर्वांत जुना चतुष्पाद होता. पायांच्या जोडीने त्याला माशासारखी पराची शेपटी होती. क्षयाने ग्रासलेल्या सेवे-सॉडरबर्गचा इ.स. १९४८ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी अंत झाला आणि ते काम त्याचा सहकारी एरिक यार्विक याच्याकडे आले. यार्विकने त्यावर जवळजवळ अर्धशतक घालविले. त्याचा अखेरचा मोठा ग्रंथ इ.स. १९९६ साली निघाला आणि दोन वर्षांनी तो निवर्तला.

यार्विकचे एक मत मात्र वेगळेच होते. सॅलॅमँडर एका जातीच्या माशांपासून आणि बाकीचे चतुष्पाद दुसऱ्या जातीच्या माशांपासून उत्पन्न झाले, असे तो मानी. याचा अर्थ असा की पाय दोनदा निर्माण झाले आणि 'चतुष्पाद' हे एक कुळ नव्हेच. आपल्या परिचयाचा दाखला द्यावयाचा तर, एकाच धर्मग्रामात परेरा आडनावाची अनेक घरे असतात. परंतु ती सर्व एका आजोबाची लेकरे नसतात. बाप्तिस्म्याच्या वेळी निरनिराळ्या घराण्यांनी तेच आडनाव घेतलेले असते. चतुष्पादांचेही असेच असेल तर त्यांचे नाव हे नुसते आडनाव ठरेल, नाते ठरणार नाही. म्हणून हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. बेडूक, चिमणी आणि मनुष्य ही खरोखरच एका मुळाची लेकरे आहेत काय, हे त्यात पणाला लागले होते.

हेनिगचा नियम

या कोंडीतून वाट दाखविली ती माश्यांचा अभ्यास करणाऱ्या एका जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. व्हिली हेनिग दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत ब्रिटिशांच्या कैदेत होता. त्या बंदिवासात इ.स. १९४५ साली त्याने आपल्या सिद्धान्ताचा आराखडा लिहून काढला. त्याचा ग्रंथ इ.स. १९५० साली जर्मनमध्ये आणि इ.स. १९६६ साली इंग्रजीत आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. एक पूर्वज आणि त्याचे झाडून सारे वंशज मिळून जो होतो तोच खरा गट. कोणालाही वगळावयाचे नाही. आणि नाते ठरवावयाचे ते त्या शाखेत नव्याने आलेल्या समाईक लक्षणांवरून; पूर्वापार चालत आलेल्या लक्षणांवरून नव्हे.

हा नियम लावताच जुनी घरे हलली. माशांपैकी काहींच्या शाखेतून चतुष्पाद निघाले असतील तर त्यांना वगळून 'मासे' हा खरा गट राहत नाही. इ.स. १९७९ साली 'नेचर' या नियतकालिकात सॅमन मासा, फुप्फुसमीन आणि गाय यांच्यावरून मोठी चकमक उडाली. या तिघांत जवळचे नातलग कोणते? सॅमन आणि फुप्फुसमीन, असे कोणीही पटकन म्हणेल. परंतु हेनिगच्या हिशेबाने फुप्फुसमीन हा सॅमनपेक्षा गाईला जवळचा ठरतो. कारण त्या दोघांचा समाईक पूर्वज अधिक अलीकडचा आहे. इ.स. २०१३ साली सीलाकँथ या माशाच्या जनुकांचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला तेव्हाही हयात माशांमध्ये फुप्फुसमीनच चतुष्पादांचा सर्वांत जवळचा आप्त असल्याचे दिसून आले. चतुष्पादांचे मूळ एकच, हे मत आता सर्वमान्य आहे आणि यार्विकचा दोन मुळांचा पक्ष मागे पडला आहे.

सापाचे आणि निवटीचे कोडेही येथेच सुटते. सापाचे पूर्वज पायांचे होते. अजगराच्या शरीरात मागल्या पायांचे अवशेष आजही सापडतात. पाय गेले तरी कूळ गेले नाही. निवटी चालते खरी, पण ती जन्माने दुसऱ्या शाखेची. एखादा मुलगा परदेशी जाऊन नाव बदलून राहिला तरी धर्मग्रामाच्या नोंदवहीत त्याच्या आईबापांची नावे राहतातच. आणि शेजारच्या मुलाने आपल्या घरच्यासारखा पोशाख केला म्हणून तो आपला भाऊ होत नाही.

आठ बोटे

इ.स. १९८७ साली केंब्रिजच्या जेनी क्लॅक पूर्व ग्रीनलंडला गेल्या. इ.स. १९७० मध्ये तेथे गेलेल्या एका भूशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या टिपणवहीत एका डोंगरावर पुष्कळ हाडे असल्याची नोंद होती, तिचा त्यांनी माग काढला. त्यांना तेथे 'अकँथोस्टेगा' या प्राण्याचे विपुल अवशेष मिळाले. यार्विकने इ.स. १९५२ साली त्याचे नामकरण केले होते. पण तेव्हा कवटीच्या तुकड्यांपलीकडे हाती फारसे काही नव्हते.

केंब्रिजला परतल्यावर दगड कोरण्याचे काम सावकाश चालले आणि इ.स. १९९० साली मायकेल कोट्स व जेनी क्लॅक यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. अकँथोस्टेगाच्या पुढच्या पायाला आठ बोटे होती! इक्थिओस्टेगाच्या मागल्या पायाला यार्विकने पाच बोटे दाखविली होती; तेथे सात निघाली. रशियातील टुलेरपेटॉन या समकालीन प्राण्याला सहा बोटे असल्याचे आधीच माहीत झाले होते. पाच बोटे ही चतुष्पादांची मूळ खूण, हे शंभराहून अधिक वर्षे गृहीत धरले गेले होते. हे गृहीत एका निबंधाने ढासळले. पाचाचा आकडा आरंभीचा नसून मागाहून स्थिर झालेला आहे.

दुसरा धक्का याहून खोल होता. अकँथोस्टेगाला माशासारखे आतले कल्ले होते, शेपटीला पर होता आणि त्याचे पाय जमिनीवर शरीराचा भार पेलण्याजोगे नव्हते. हार्वर्डचे आल्फ्रेड रोमर आणि इतर विद्वान सांगत आले होते की, डबकी आटू लागली तेव्हा दुसऱ्या पाण्याकडे जाण्यासाठी माशांना पाय फुटले. अकँथोस्टेगाची साक्ष निराळी होती. पाय आणि बोटे ही पाण्यातच घडली. जमिनीवरील चाल ही नंतरची गोष्ट. जेनी क्लॅक यांचे इ.स. २०२० साली निधन झाले, तेव्हा पाठ्यपुस्तकांतील हे प्रकरण बदलून गेले होते.

रेघ कोठे ओढावी?

इ.स. २००४ साली कॅनडाच्या उत्तर टोकाकडील एल्समीर बेटावर सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा एक जीवाश्म सापडला. इ.स. २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'टिक्टालिक' असून ते नुनावुत प्रांतातील इनुइट वडीलधाऱ्यांनी सुचविलेले आहे. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ गोड्या पाण्यातील मोठा मासा असा होतो. टिक्टालिकला खवले होते आणि पर होते; पण परांच्या आत मनगटासारखी हाडे होती आणि चतुष्पादांप्रमाणे मान वळविता येत होती. इ.स. २०१० साली पोलंडमधील होली क्रॉस पर्वतातल्या एका खाणीतून सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचे पावलांचे ठसे पुढे आले. ते खरोखर पावलांचे असतील तर चतुष्पादांचा उगम टिक्टालिकच्याही मागे जातो. मात्र सर्व तज्ज्ञांना ते मान्य नाही. आणि इ.स. २०२० साली कॅनडातील क्वेबेकच्या एल्पिस्टोस्टेगे या माशाचा पूर्ण सांगाडा अभ्यासला गेला, तेव्हा त्याच्या पराच्या आत बोटांची हाडे दिसली. वरून पर, आतून बोटे!

जितके दुवे सापडत गेले तितकी रेघ ओढणे अवघड झाले. आज तीन व्याख्या समोर आहेत. पहिली लक्षणाची : पराऐवजी बोटे असलेला पाय ज्याला प्रथम आला तो आणि त्याचे सर्व वंशज. दुसरी शाखेची : फुप्फुसमीनापेक्षा आपल्याला जवळचे असलेले सारे प्राणी, हिच्यात टिक्टालिकही येतो, आणि या मोठ्या गटाला इ.स. १९९१ साली पेर आल्बर्ग यांनी वेगळे नाव दिले आहे. तिसरी हयात प्राण्यांवरून मागे जाणारी : आजचे उभयचर, सरीसृप, पक्षी व सस्तन यांचा अखेरचा समाईक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज. जॅक गॉथिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या दशकात ही तिसरी व्याख्या मांडली, आणि इ.स. २०२० साली अमलात आलेल्या वंशावळीवर आधारित नामकरणाच्या संहितेबरोबर जो कोश निघाला त्यातही चतुष्पाद हे नाव याच अर्थाने आहे. या व्याख्येचा परिणाम असा होतो की पाय आणि बोटे असूनही इक्थिओस्टेगा आणि अकँथोस्टेगा चतुष्पादांच्या बाहेर पडतात! त्यांची शाखा त्या अखेरच्या समाईक पूर्वजाच्या आधीच फुटली होती. पुष्कळ जीवाश्मतज्ज्ञांना हे पटत नाही आणि ते पहिल्याच अर्थाने हा शब्द वापरतात.

या मतभेदाने गोंधळून जाण्याचे कारण नाही. नात्यांच्या मुख्य आराखड्याविषयी दोन्ही बाजूंचे एकमत आहे. वंशवृक्ष एकच आहे. मतभेद आहे तो त्या वृक्षाच्या कोणत्या फांदीवर कोणती पाटी लावावी याविषयी. आपल्या घराण्याचा आरंभ आडनाव घेणाऱ्या पहिल्या पुरुषापासून धरावा की आज हयात असलेल्या सर्व भाऊबंदांच्या समाईक पणजोबापासून धरावा, यावर दोन भावांचे मतभेद होऊ शकतात. पण त्यामुळे पणजोबा बदलत नाही. रेघ माणसाने ओढावयाची असते, नाते मात्र आधीच ठरलेले असते.

उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने प्राण्यांना नावे दिल्याचे आपण वाचतो. नाव देण्याचे ते काम अजून संपलेले नाही. ओनिंगेनच्या त्या सॅलॅमँडरला इ.स. १८३७ साली शास्त्रीय नाव मिळाले ते 'अँड्रियास शॉयख्त्सरी'. अँड्रियास म्हणजे मानवाची प्रतिमा, आणि पुढे त्या चुकलेल्या वैद्याचे नाव. पुढच्या पिढीने त्याची चूक दुरुस्त केली आणि त्याचे नावही जपून ठेवले. तो सॅलॅमँडर मनुष्य नव्हता, हे खरे. पण त्याच्या पुढच्या पायातील हाडांचा क्रम आणि हे पान धरलेल्या आपल्या हातातील हाडांचा क्रम एकच आहे. शॉयख्त्सरला त्या दगडात माणसाचे काहीतरी दिसले होते. ते नात्याने त्याने मानले त्याहून फार दूरचे आणि वयाने कितीतरी जुने होते.